पोटाचं बायपास ठरलंय. घरात कुणाला, किती आणि कधी सांगायचं?

सुरंगी

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४१ च्या वर. मधुमेहाला आठ वर्षं झाली. दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.६ आहे. सर्जननी रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास सुचवलं आहे, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. तारीख आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यातली.

घर फोंडा तालुक्यात, एकत्र. सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई आणि माझी दोन मुलं, ११ आणि ६ वर्षांची. नवरा बोटीवर, नाताळापर्यंत येत नाही. त्याला 'पोटाच्या तपासण्या चालल्यात' एवढंच ठाऊक. स्वयंपाकघर एकच.

करायचं की नाही हा प्रश्न नाही, ते ठरलं. 'पित्ताचे खडे होते, काढले' असं सांगून मोकळं व्हावं असं एकदा वाटतं. नाहीतर बहिणीकडे जाते म्हणून मुंबईला जायचं आणि तिथेच करून यायचं. सासूबाई "तोंड आवरायचं सोडून पोट कापून घेतेस?" म्हणणार आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या वाड्याला कळणार. कुणाला सांगणं खरोखर गरजेचं आहे, कुणाला नाही, आणि लपवलं तर नेमकं कुठे अडतं, हे मंचावरच्या जाणकारांनी सांगावं. धीर देऊ नका, तपशील द्या.

तिसरी पाळी

आधी कायद्याचं, म्हणजे मनावरचं एक ओझं उतरेल. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीत आहात, तेव्हा संमती तुमचीच लागते. सासूची, दिरांची, नवऱ्याचीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या एका निकालात हेच स्पष्ट झालं आहे: सज्ञान रुग्ण स्वतः संमती देऊ शकत असताना तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. रुग्णालयं नातेवाइकाचीही सही मागतात, पण ती सोबतीचा माणूस म्हणून. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतात. दाखल होतानाच 'माहिती फक्त अमुक व्यक्तीला द्यावी' असं केसपेपरवर लिहून घ्या, कारण गुप्तता फुटते ती बहुतेक वेळा वॉर्डाच्या दारात. "काय झालंय हो त्यांना?" असं कुणी भेटायला आलेल्याने विचारलं आणि नवीन मावशीने सांगून टाकलं की झालं.

आता पित्ताच्या खड्यांची गोष्ट. ती सोडून द्या. तुम्ही सुचवलेल्यांपैकी सगळ्यांत धोक्याची तीच आहे. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे धरतात. ते टाळायला सहा महिने उर्सोडिऑक्सिकॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, तरी काहींना होतातच. समजा आठव्या महिन्यात रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली. १०८ मध्ये तुमच्याबरोबर सासूबाई बसल्या. अपघात विभागात विचारलं, आधीची काही ऑपरेशनं? त्या सांगणार, "पित्ताशय काढलंय." डॉक्टरांच्या मनातलं पहिलंच निदान खोडलं गेलं. शिवाय बायपास झालंय हे त्यांना कळलंच नाही, म्हणजे दुसरं महत्त्वाचं निदानही सुचणार नाही. बायपासनंतर आतड्यांच्या मांडणीत फटी राहतात, वजन उतरल्यावर त्या रुंदावतात आणि आतडं तिथे शिरून अडकतं. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. तो महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतो. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो, आणि उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो.

न सांगणं आणि खोटं सांगणं यांत एवढा फरक आहे. 'पोटाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, कागद पर्समध्ये आहेत' एवढंच सासूबाईंना माहीत असलं, तरी डॉक्टर कागद शोधतील. चुकीचं नाव सांगितलं तर शोधणारच नाहीत.

कुणाला सांगणं भागच आहे? घरात रात्री झोपणाऱ्या एका मोठ्या माणसाला, पूर्ण. तुमच्या घरात ते बहुधा जाऊबाई. भूल उतरल्यावर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, आणि गळतीची लक्षणं त्यानंतरही दिसू शकतात. पोट आणि आतडं जिथे जोडलं तिथून पाझर होणं ही गुंतागुंत शंभरात एखाद्याला होते, पण झाली तर तास मोजावे लागतात. पहिली खूण दुखणं नसते, नाडी असते. शांत पडून असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली, ताप आला, डावा खांदा दुखू लागला, श्वास भरून आला किंवा उगीचच जीव घाबरा झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. रुग्ण स्वतः "गॅस झालाय" म्हणून झोपून जाते. नाडी मोजून "चल, उठ" म्हणणारं दुसरं कुणीतरी हवं. जाऊबाईंना मनगटावर बोट ठेवून ३० सेकंद मोजून दुप्पट करायला शिकवा, किंवा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा, त्यात नाडीही दिसते.

एक पिंडरी सुजली आणि दुखू लागली, तर तेही लगेच दाखवायचं. रक्ताच्या गाठीचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो.

मुंबईचा बेतही याच कारणाने कच्चा वाटतो. मुंबईत उत्तम केंद्रं आहेत, प्रश्न अंतराचा आहे. रेल्वेने आठ ते बारा तास पाय खाली सोडून बसणं म्हणजे गाठीला आमंत्रण. दहाव्या दिवशी नाडी चढली तर जिने ऑपरेशन केलं ती टीम तिथे आणि तुम्ही फोंड्यात. चांगला सर्जन मिळतो म्हणून मुंबईला जात असाल तर जरूर जा. वाड्याला कळू नये एवढ्यासाठी जात असाल तर नको. गेलातच तर सात ते दहा दिवस तिथेच राहा, परतीच्या प्रवासात दर तासाला उठून चाला, दाबाचे मोजे घाला, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन किती दिवस चालवायचं ते विचारा आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट मागून घ्या. कुठला भाग किती सेंटिमीटर ठेवला हे त्यात असतं. तुम्ही लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं बंधनकारक आहे.

वाटी-चमचा

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत लपवता येईल असं तुम्ही धरून चालला आहात. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिलं तर ते दोन आठवडे आधीच उघड होतं.

यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. चरबीने फुगलेलं यकृत उचलून धरताना सर्जनला जागा मिळत नाही, म्हणून सुमारे १४ दिवस ८०० ते १००० कॅलरीचा, कमी पिठूळ आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात. तुमची तारीख पाहता तो आषाढीच्या आधी आठवडाभर सुरू होणार, म्हणजे एकादशी बरोबर मधोमध. साबुदाण्याची खिचडी, वरी, रताळं, सगळं बंद. सासूबाई ताट वाढणार आणि तुम्ही नाही म्हणणार. काय सांगाल? (याच दिवसांत इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. खाणं निम्म्यावर आणि इन्सुलिन तेवढंच, हे साखर खाली कोसळायचं सरळ कारण.)

म्हणून माझं मत: जो कुणी घरात जेवण करतो, त्याला ऑपरेशनआधी तीन आठवडे सांगा. जाऊबाई जेवण करत असतील तर वर म्हटलेली एक व्यक्तीही त्याच, म्हणजे सोयच झाली.

ऑपरेशननंतरचं आता. जठराची पिशवी साधारण ३० मिली उरते, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण तीनदा भरलं तेवढी. पहिले एक-दोन दिवस स्वच्छ पातळ, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेलं सूप, प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटून मऊ केलेलं. पाचव्यापासून मऊ शिजलेलं, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला नेहमीचं, पण वाटीभरच. तुमच्या केंद्राच्या तक्त्यात एखादा आठवडा मागे-पुढे असेल, तो पाळा.

आपल्याकडे आजारी माणसाला पेज. प्रेमाने देतात आणि इथेच गाडी घसरते. उकड्या तांदळाच्या पेजेचं पाणी पोटाला हलकं खरं, पण त्यात प्रथिनं नावाला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पिशवी ३० मिलीची. ती पेजेने भरली तर बाकीच्याला जागा कुठे? जाऊबाईंना हे सांगितलं असेल तर त्या पेजेऐवजी मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी देतील आणि त्यात बिनचवीची प्रोटीन पावडर ढवळतील. नाही सांगितलं तर पेजच येणार.

पाव. पोदेराचा (पाववाल्याचा) ताजा मऊ पाव निरुपद्रवी वाटतो. चावल्यावर त्याचा चिकट गोळा होतो आणि पिशवीच्या तोंडाशी बूच बसल्यासारखा अडकतो. मऊ शिताचंही सुरुवातीला तसंच होतं. छातीत दाब, तोंडात लाळ, मग उलटी. पाव पहिले तीन महिने तरी नको. मासे मात्र लवकर जमतात. पाचव्या आठवड्यात वाफवलेलं मुडदुशं, काटे काढून, चमच्याने कुस्करून. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. श्रावण पाळत असाल तर पनीर, घट्ट दही, मूग. अंडंही चालत नसेल तर पावडरीवाचून आकडा गाठणं कठीण आहे.

जेवताना पाणी नाही, सोलकढीही नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून प्यायची. घरातले सगळे कढीची वाटी पुढे सरकवतील, त्यांना कारण माहीत असू दे.

आता खरं अडायचं ठिकाण: हरितालिका. तुमच्या तारखेपासून चतुर्थी साडेसहा आठवड्यांवर येते आणि आदल्या दिवशी निर्जळी. हा उपास या वर्षी करायचा नाही. घोट-घोट पाणी म्हणजे दर १५ मिनिटांना ३० मिली, तासाला १२०. दीड लिटर पोटात जायला साडेबारा तास लागतात. एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन तांबे पिऊन भरून काढता येत नाही, पिशवीच तेवढी नाही. अशा रुग्णांना पुन्हा दाखल करावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी पडणं अगदी वर असतं. सुनेने हरितालिका मोडली तर सासूला कारण हवंच, आणि ते आदल्या दिवशी सांगण्यापेक्षा दीड महिना आधी सांगितलेलं बरं.

चतुर्थीला खतखतं चालेल: तूरडाळ, मऊ भाज्या, नीट शिजलेलं, दोन-तीन चमचे. नेवऱ्या आणि पातोळ्या नाहीत. बायपासनंतर गूळ-साखर जठरात न रेंगाळता थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन गरगरतं. प्रसादाचा कण जिभेवर ठेवायला काहीच हरकत नाही, "माझ्या हातची एक तरी खा" मात्र चालत नाही.

पॉलिसीवाला

विम्यापुरतं लिहितो, कारण बातमी फुटायची ही एक वाट कुणाच्या लक्षात येत नाही.

पॉलिसी फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक, असेल तर सूचना, ईमेल, क्लेमचे संदेश ज्याच्या नावावर पॉलिसी त्याच्या मोबाईलवर जातात. ती नवऱ्याच्या नावावर असेल तर मंजुरीचा संदेश त्याला भर समुद्रात मिळेल. तोही समजावून सांगायला जवळ कुणी नसताना. तेव्हा त्याला आधी सांगा, किंवा संपर्काचा क्रमांक बदलून घ्या. विम्याची रक्कमही सगळ्यांची मिळून असते. तुमच्या ऑपरेशनला किती गेली हे वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कुणाला दाखल करताना दिसणारच.

क्लेम मिळायच्या अटी आयआरडीएआयने (विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने) ठरवलेल्या आहेत आणि त्या पॉलिसीत 'एक्सक्लुजन ०६' या नावाने छापलेल्या असतात: डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय नियमावलीचा आधार, वय १८ पूर्ण, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. ४० पेक्षा कमी पण ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा आजार, आणि कमी त्रासाचे उपाय करूनही गुण न आल्याची नोंद. तुम्ही ४० च्या वर आहात. मात्र दोन गोष्टी सांभाळा. दाखल होण्याआधीचा आहार सुरू केल्यावर वजन उतरेल, म्हणून उंची-वजन त्याआधीच्या तारखेला डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह नोंदवून घ्या. आणि प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यापासून असा क्लेम मिळू लागेपर्यंतची मुदत) पुरा झालाय का ते पाहा.

पुढे कधी नवीन आरोग्य किंवा आयुर्विमा काढलात तर अर्जात आधीच्या शस्त्रक्रियेचा रकाना असतो. तिथे खरं नाव लिहा. गावाला न सांगणं हा तुमचा हक्क आहे. विमा कंपनीपासून लपवलंत तर क्लेम नाकारायचं कारण तुम्हीच हातात दिलंत असं होतं.

माडाची सावली

वरचं सगळं पटलं, पण 'सगळ्यांना आधीच सांगा' असं कुणी समजू नये. ज्याला सांगून तुमच्या जिवाची काळजी घेतली जाणार नाही, त्याला आधी सांगायची गरज नाही. दिरांना इतकंच पुरे: ऑपरेशन कुठे, किती दिवस, गाडी केव्हा लागेल. वाड्याला काहीच नाही. कामावर रजेसाठी वैद्यकीय दाखल्यात 'शस्त्रक्रिया व विश्रांती' एवढं पुरतं. टेबलावरचं काम असेल तर दोन आठवडे धरा. उचलायची कामं चार ते सहा आठवडे नाहीत: पाण्याने भरलेली बादली, कलशी, सहा वर्षांचं मूल. चतुर्थीची माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायला यंदा दुसऱ्या कुणाला तरी चढू दे.

मात्र हेही जाणून घ्या की गुपिताचं आयुष्य जेमतेम तीन महिने. पहिल्या महिन्यात आठ-दहा किलो उतरू शकतात आणि दीड वर्षात एकूण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमच्या बाबतीत तीसेक किलो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते परत येतात, पण न्हाणीघरात दिसायचं ते दिसतंच. गाल बसले, केस विरळ, जेवण दोन घास. असं दिसलं की आपल्याकडे लोक टीबी किंवा कॅन्सरवर येतात आणि मग सहानुभूती दाखवायला घरी येतात. म्हणून बाहेरच्यांसाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि तेच सगळ्यांना सांगा: "साखरेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवतेय, तब्येत छान आहे." पुढे विचारलं तर तेच पुन्हा.

"डाएट केलं" असं मात्र सांगू नका. ऐकणारी एखादी तुमच्याच वजनाची असते. ती तुमच्याएवढं खाऊन बघते, दोन घास, न उपाशी न पोटभर. तिचं जठर शाबूत, भूक शाबूत. महिन्याने ती हरते आणि स्वतःलाच दोष देते. तिने खासगीत, मनापासून विचारलं तर तिला खरं सांगा.

सुरंगी

सर्वांचे आभार. पित्ताचे खडे रद्द, मुंबईही रद्द. जाऊबाईंना या रविवारी सांगते. तीन गोष्टी राहिल्या. सासूबाईंना नेमकं कोणत्या शब्दांत? मुलांना किती? आणि नवऱ्याला आत्ता सांगून तो तिथे काळजीच करणार, तर नाताळात समोर बसवून सांगितलं तर?

तिसरी पाळी

नवऱ्याला आत्ताच. काळजीचं कारण खरं आहे, पण याला एक वैद्यकीय बाजू आहे जी नाताळापर्यंत थांबत नाही. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये. वजन वेगाने उतरत असताना बाळाला आणि आईला दोघांनाही पोषण पुरत नाही. आणि नेमकं याच काळात वजन उतरल्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता वाढते. ज्यांची पाळी अनियमित होती त्यांची सुरळीत होते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, त्यांचं शोषण कमी होऊ शकतं. आत्ता गोळ्या चालू असतील तर त्या ऑपरेशनच्या साधारण महिनाभर आधी थांबवतात, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनने गाठीचा धोका वाढतो. तांबी की दुसरं काही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आधीच ठरवा. नवरा सुट्टीवर येतो तेव्हा ऑपरेशनला जेमतेम पाचेक महिने झालेले असतील. घरी आल्या रात्री सांगायची ही गोष्ट नाही.

तो घरी येताना घरात काय येतं याचाही विचार करा. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार वर चढते, एका पेल्यातही. सर्दीला चमचाभर फेणी देणारी घरं आहेत, तीही नको.

आणि औषधांचा डबा. अंग दुखलं की कॉम्बिफ्लाम किंवा व्होव्हेरान काढून देणारा माणूस प्रत्येक घरात असतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी बायपासच्या जोडाशी व्रण होतो, तो रक्ताळतो, फुटूही शकतो. हे कायमचं, एक-दोन महिन्यांचं नाही. पॅरासिटामॉल चालतं. हा एक नियम सासूबाईंसकट घरातल्या प्रत्येकाला सांगा. त्यासाठी ऑपरेशनचं नावही घ्यावं लागत नाही.

माडाची सावली

सासूबाईंना 'वजन कमी करायचं ऑपरेशन' असं म्हणू नका, आणि हे लपवणं नव्हे. तुमच्या बाबतीत हे खरोखर साखरेचं ऑपरेशन आहे. २०१६ मध्ये मधुमेहाच्या जागतिक संघटनांनी मिळून ही शस्त्रक्रिया मधुमेहावरचा उपचार म्हणून मान्य केली. अन्न आतड्याच्या वरच्या भागाला वळसा घालून जातं, त्याने आतड्यातली संप्रेरकं बदलतात, आणि वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत, साखर खाली येऊ लागते. कित्येकांचं इन्सुलिन रुग्णालयातच कमी होतं.

असं काहीतरी म्हणता येईल: "आई, आठ वर्षं गोळ्या आणि सुई घेऊनही साखर हटत नाही. पुढे डोळे आणि किडनी जायची भीती आहे. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन सांगितलंय, त्याने साखर उतरते आणि वजनही. मी ठरवलंय. तीन दिवस दवाखान्यात राहीन. मला तुमची मदत दोन गोष्टींत हवी. मी दोन घास खाऊन थांबले की आणखी घे म्हणू नका, आणि यंदाचा हरितालिकेचा उपास तुम्ही माझ्या वतीने धरा."

"ठरवलंय" हा शब्द गाळू नका. "विचार चाललाय" म्हटलंत की चर्चा उघडली, मग सगळा गोतावळा मत देणार. आणि काहीतरी काम द्या. काम मिळालं की विरोध करणारं माणूस बहुतेक वेळा बाजूला येतं. "मेलीस तर?" असा प्रश्न आला तर आकडा सांगा: अनुभवी केंद्रात जिवाला धोका हजारात एकाच्या आसपास, पित्ताशय काढण्याएवढाच. 'साखर कायमची गेली' असं वचन मात्र देऊ नका. काहींची वर्षांनी परत येते आणि मग "बघ, सांगितलं होतं" ऐकावं लागतं.

मुलांना ऑपरेशनआधी तीन-चार दिवस. धाकट्याला: आईच्या पोटाचं ऑपरेशन आहे, पाच छोटी भोकं असतील, महिनाभर उचलून घेणार नाही, मांडीवर उडी नाही, शेजारी बसून गोष्ट चालेल. अकरा वर्षांच्या मुलाला साखरेचं कारणही सांगा. "कुणाला सांगू नकोस" असं मात्र त्याला सांगू नका. मुलाला गुपिताचं ओझं देऊ नये, आणि ते पेलतही नाही. शाळेत कळलं तरी चालेल तेवढंच त्याला सांगा. आईच्या ताटलीतलं उरलेलं संपवायचं काम त्याच्याकडे येऊ नये, एवढं जाऊबाईंनी बघावं.

वाटी-चमचा

गोळ्यांचं राहिलं. एकत्र घरात डबे दिसणारच. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम, हे जन्मभर. कॅल्शियम सायट्रेटच घ्या, बाजारातल्या पुष्कळ गोळ्या कार्बोनेटच्या असतात आणि आम्ल कमी झालेल्या पिशवीत त्या नीट विरघळत नाहीत. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० च्या आसपास. लोहात आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, लोहाबरोबर चहा नाही. "साखरेच्या गोळ्या बंद झाल्या आणि या कसल्या सुरू?" असं कुणी विचारलं तर "जीवनसत्त्वं" हे उत्तर खरं आणि पुरेसं. 'बरी झालीस, आता कशाला गोळ्या' या सल्ल्याने वर्ष-दोन वर्षांनी रक्त कमी होतं आणि पायांना मुंग्या येतात. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी.

तिसरी पाळी

शेवटचं, पर्समधल्या कागदाचं. एटीएम कार्डाएवढा करा, लॅमिनेट करा, डॉक्टरांसाठी इंग्रजीत. एक पर्समध्ये, एक फोनच्या कव्हरमागे, एक जाऊबाईंकडे. फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं काय किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), पहिल्या पाच मिनिटांत तो कुणाच्या तरी हाती पडला पाहिजे. मजकूर एवढाच:

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, तारीख, सर्जनचा फोन.
पोटात तीव्र कळ: अंतर्गत हर्नियाची शंका धरा, सीटी करा, सर्जनला कळवा.
नाकातून जठरात नळी आंधळेपणाने घालू नका.
सतत उलट्या: ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्या.
आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळा.
मधुमेह आहे, इन्सुलिनचा डोस बदललेला असू शकतो, आधी साखर तपासा.

थायमिनची ओळ गाळू नका. आठवडाभर उलट्या झालेल्या रुग्णाला आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन, म्हणजे बी१, संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रविवारी जाऊबाईंशी बोलाल तेव्हा हा कागद समोर ठेवूनच बोला, आणि त्यांच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचा पहिला धडा तिथेच द्या.